क्रेडिट मिळतील, पण खर्च कुठे करशील?

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला एका धाकट्या मित्राचा फोन आला. तो दुकानांचे बोर्ड बनवतो. ॲक्रिलिकची अक्षरं, आत एलईडी, गाड्यांवरचं व्हिनाइल, असलं सगळं. "ताई, उद्या त्या बार्टर नेटवर्कचा माणूस फॉर्म घेऊन येतोय. सही करू का? तुम्ही होतात ना त्यात?"

होते. तीन वर्षं आणि वर चार महिने. मी त्याला म्हटलं, उद्या सही करू नकोस. त्या माणसाला पुढच्या आठवड्यात बोलव, तोवर मी तुला सगळं नीट लिहून पाठवते. लिहायला बसले तेव्हा आठवलं की हाच प्रश्न याआधी मला एका फोटोग्राफरने विचारला होता, आणि शिवणकामाचं युनिट चालवणाऱ्या एका मैत्रिणीनेही. तेव्हा मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी झाले होते. ती उत्तरं अपुरी होती. म्हणून यावेळी इथेच, सविस्तर.

समोरासमोरची अदलाबदल, म्हणजे बार्टर, कुणालाही समजते. मी तुझी बिलबुकं छापते, तू माझा बोर्ड कर. अडचण एवढीच की मला बोर्ड हवा असतो तेव्हा त्याला बिलबुकं नको असतात. नेटवर्क या दोघांच्या मध्ये हिशेबाची एक वही ठेवतं. मी कुणाची तरी छपाई केली की माझ्या खात्यात क्रेडिट जमा होतात आणि त्याच्या खात्यात तेवढेच वजा. ते क्रेडिट त्याच्याकडेच खर्च करायला हवेत असं नाही. तिसऱ्या सभासदाकडून मी एसीची सर्व्हिसिंग करून घेऊ शकते, तो चौथ्याकडून आणखी काही. क्रेडिटची किंमत रोखीइतकीच धरतात, पण क्रेडिट परत करून रोख मागता येत नाही. ही शेवटची अट फॉर्मच्या मागच्या पानावर होती. मी ती वाचली होती, मान डोलावली होती आणि तिचा अर्थ मला दीड वर्षाने कळला.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७५ साली पैशावर लिहिताना एका गायिकेची हकीकत सांगितली आहे. पॅरिसच्या मादमोआझेल झेली जगाच्या दौऱ्यावर असताना प्रशांत महासागरातल्या सोसायटी बेटांवर गायल्या. मानधन ठरलं होतं उत्पन्नाचा तिसरा हिस्सा. तो मोजला तेव्हा त्यांच्या वाट्याला आली तीन डुकरं, तेवीस टर्की, चव्वेचाळीस कोंबड्या, पाच हजार नारळ आणि ढीगभर केळी, लिंबं, संत्री. पॅरिसमध्ये या सगळ्याचे चांगले पैसे झाले असते. बेटावर ते विकत घेणारं कुणी नव्हतं, आणि जनावरांना तर रोज खायला लागणार. शेवटी ती फळं त्या डुकरांना आणि कोंबड्यांना घालावी लागली. ही गोष्ट मी नेटवर्कमधून बाहेर पडल्यानंतर वाचली. आधी वाचली असती तर बरं झालं असतं, कारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस माझं खातं नेमकं तसं होतं. आकड्यांत श्रीमंत, आणि ते आकडे सांभाळायला रोज थोडी रोख जात होती.

माझा व्यवसाय छपाईचा. एक ऑफसेट, एक डिजिटल, एक कटिंग मशीन, माझ्यासकट सहा जण. वर्षातले तीन-चार महिने ऑफसेट निम्मा वेळ उभं असतं. उभं मशीन बघणं फार त्रासदायक. पगार चालू, भाडं चालू, रोलरवरची शाई वाळू नये म्हणून रोज धुणं चालू, आणि जॉब नाही. नेटवर्कचा प्रतिनिधी आला तो अशाच एका महिन्यात. "मॅडम, हा रिकामा वेळ रोज वाया जातोय. तो आम्हाला द्या, आम्ही त्याचं चलन करून देतो." वाक्य खोटं नव्हतं. या सगळ्या व्यवस्थेचा आधारच तो आहे. हॉटेलची रात्री रिकामी राहिलेली खोली, विमानातली न विकलेली सीट, डॉक्टरचा दुपारचा मोकळा तास, या गोष्टी साठवून ठेवता येत नाहीत. आज गेल्या त्या गेल्या. त्यांच्या बदल्यात कुणी काही देत असेल तर घ्यावं.

पहिल्या पाच महिन्यांत कामाचा पाऊस पडला. व्हिजिटिंग कार्ड, माहितीपत्रकं, लेटरहेड, एका जिमची पत्रकं, एका क्लासच्या वह्या. फोन थांबत नव्हता. मशीनवरचा आमचा माणूस म्हणाला, मॅडम, हे आधीच करायला हवं होतं. मलाही तसंच वाटलं. खात्यातला आकडा मी रोज रात्री बघायची.

एवढं काम का येतंय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. उत्तर साधं होतं. जुन्या सभासदांकडे क्रेडिट पडून होते आणि ते घालवायला त्यांना जागा मिळत नव्हती. छपाई तर प्रत्येकालाच लागते. नेटवर्कमध्ये नवा प्रेस आला म्हटल्यावर सगळे माझ्याकडे धावले आणि त्यांच्याकडचा अडकलेला आकडा माझ्याकडे आला. म्हणून कुठल्याही नव्या सभासदाला पहिल्या काही महिन्यांचा अनुभव फसवा ठरू शकतो. फसवणूक कुणी केलेली नसते. पण सुरुवातीची मोठी मागणी ही नेटवर्कच्या तब्येतीची खूण नसते. उलट लोकांकडे क्रेडिट किती साचलेत त्याची खूण असू शकते.

मग मी खर्च करायला निघाले. कागदवाला नेटवर्कमध्ये नव्हता. छपाईची प्लेट बनवणारा नव्हता. शाई, रोलर धुण्याची केमिकल्स, लॅमिनेशनची फिल्म, यातलं काही नव्हतं. वीज, भाडं, पगार यांचा तर प्रश्नच नाही. होतं काय? वेबसाइट बनवणारे सात, फोटोग्राफर चार, इंटिरिअरवाले, जाहिरातीच्या जागा विकणारे, व्यायामशाळा, व्यक्तिमत्त्व विकासाचे प्रशिक्षक, एक दंतवैद्य, दोन हिशेबनीस, एक फर्निचरवाला.

हा योगायोग नाही, आणि हे कळायला मला कागदवाल्याशी बोलावं लागलं. आमच्या कागदाच्या डीलरला मी आग्रहाने म्हटलं, तुम्ही पण सभासद व्हा ना. ते शांतपणे म्हणाले, "ताई, मी शंभराचा कागद विकतो त्यातले पंच्याण्णव मिलला रोख देतो. मिल क्रेडिट घेणार आहे का?" मुद्दा संपला. ज्याच्या विक्रीत रोख खर्च कमी आणि स्वतःचा वेळ जास्त, तो नेटवर्कमध्ये आनंदाने येतो. ज्याचं मार्जिन बारीक आणि माल रोखीचा, तो येत नाही, आणि त्याने येऊही नये. परिणाम असा की नेटवर्कमध्ये सेवा भरपूर मिळतात आणि कच्चा माल जवळजवळ मिळत नाही. तुझा धंदा सेवेचा असेल आणि तुला सेवाच लागत असतील तर उत्तम. माझा धंदा मधला. निम्मा माल, निम्मी मेहनत.

आता तो हिशेब, जो मी सही करण्याआधी मांडायला हवा होता. मित्रा, हा भाग सावकाश वाच.

शंभर क्रेडिटचा एक जॉब धर. त्यात माझा कागद, प्लेट, शाई आणि वेस्टेज मिळून पंचेचाळीस रोख जात. आमच्या नेटवर्कचं शुल्क विकताना सहा टक्के आणि विकत घेताना परत सहा टक्के, दोन्ही रोखीत. म्हणजे ते शंभर क्रेडिट मिळवून खर्च करेपर्यंत माझ्या खिशातून सत्तावन्न रोख गेलेले असत. पगार आणि भाडं मी धरत नाही, कारण मशीन उभं असतं तरी ते जाणारच होते. वार्षिक वर्गणी वेगळी. आता शंभर क्रेडिट देऊन मी जे घेतलं ते मला एरवी रोखीत किती देऊन घ्यावं लागलं असतं? शंभर देऊन घेतलंच असतं, तर माझे त्रेचाळीस वाचले. फार छान. पण तीच गोष्ट बाहेर सत्तरला मिळत असेल, तर तेराच वाचले. आणि ती मी एरवी घेतलीच नसती, केवळ क्रेडिट आहेत म्हणून घेतली, तर? मग मी सत्तावन्न रोख देऊन एक नको असलेली वस्तू घरात आणली.

मी सहा खुर्च्या आणल्या. हायड्रॉलिकच्या, पाठीला जाळी असलेल्या. बाहेरच्या दुकानातल्या भावापेक्षा क्रेडिटमधला भाव दीडपट होता. फर्निचरवाल्याचंही चुकत नव्हतं. त्याच्याकडे क्रेडिट साचलेले, त्याला आणखी नको होते, म्हणून त्याने भाव वाढवून ठेवला होता. मला माझे क्रेडिट मोकळे करायचे होते, म्हणून मी दिले. आमच्या जुन्या खुर्च्या चांगल्या होत्या. त्या पोटमाळ्यावर गेल्या.

याउलट माझ्यासोबत त्याच सुमारास आलेली एक भाषाशिक्षिका. व्यावसायिक पत्रलेखन आणि बोलण्याचे वर्ग घेते. तिच्या वर्गात पंधरा जागा, दहा भरलेल्या. अकराव्या माणसाचा तिला खर्च काय? काही छापील पानं. शंभर क्रेडिटमागे तिचे पाच रोख, अधिक बारा शुल्क. सतरा. तिला वस्तू सत्तरच्या किमतीची मिळाली तरी तिचे त्रेपन्न वाचतात. ती अजून तिथेच आहे, आणि असायलाच हवी. एकच नेटवर्क, एकच शुल्क, एकाच महिन्यात सही. फरक फक्त त्या पंचेचाळीस आणि पाचचा.

म्हणून कुणी मला "बार्टर चांगलं का वाईट" असं विचारलं की मी आधी हा आकडा विचारते. शंभराच्या कामात तुझी पदरमोड किती? तीस-पस्तिसाच्या वर असेल तर फार जपून.

सगळ्यात जास्त दुखलं ते वेगळंच. एका प्रशिक्षण संस्थेचं काम आम्ही नऊ वर्षं करत होतो. दर तीन महिन्यांनी पुस्तिका, रोख पैसे, वेळेवर. ती संस्था नेटवर्कमध्ये आली आणि सभासदांच्या यादीत तिला माझं नाव दिसलं. पुढच्या पुस्तिकेच्या वेळी त्यांच्या व्यवस्थापकांचा फोन: "आता क्रेडिटमध्येच करू या ना, तुम्ही पण आहात." नियमाप्रमाणे सभासदाने सभासदाला नकार देऊ नये अशी अपेक्षा होती. मी दोन वेळा केलं. दोन तिमाहींचं रोख उत्पन्न माझ्या हातातून गेलं आणि त्यांच्या जागी ते आकडे आले, ज्यांनी कागद येत नाही. तिसऱ्या वेळी मी त्यांच्याकडे जाऊन बसले आणि सरळ सांगितलं की मला हे परवडत नाही. त्यांनी समजून घेतलं. सगळेच घेतील असं नाही. नेटवर्कने आणलेलं काम वेगळं, आणि आपलं हातचं रोखीचं काम क्रेडिटमध्ये बदललं जाणं वेगळं. पहिल्यात कमाई आहे, दुसऱ्यात निव्वळ तोटा. सही करण्याआधी विद्यमान गिऱ्हाइकांना या व्यवस्थेतून वगळण्याची लेखी सूट माग. मिळाली नाही तर फॉर्म परत दे.

करांबद्दल थोडक्यात, कारण याबाबतीत फार गैरसमज आहेत. बार्टरमधलं उत्पन्न करमुक्त नसतं. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने बार्टर एक्स्चेंजना सभासदांच्या विक्रीचे आकडे कर खात्याला कळवणं बंधनकारक केलं. भारतात २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यात पुरवठ्याच्या व्याख्येतच विक्रीच्या जोडीने बार्टर आणि विनिमय हे शब्द आहेत. म्हणजे बिल करायचं, पूर्ण बाजारभावाने करायचं, आणि कर भरायचा तो रोखीत. उत्पन्न क्रेडिटमध्ये आणि कर रोखीत, ही कात्री पहिल्या वर्षाच्या शेवटी माझ्या लक्षात आली. आणखी एक. क्रेडिट देऊन व्यवसायासाठी लागणारी गोष्ट घेतली तर ती निदान खर्चात दाखवता येते. घरासाठी सोफा घेतला तर उत्पन्न पूर्ण दिसतं आणि खर्च दिसत नाही. आमच्या हिशेबनीस बाईंनी हे मला पहिल्याच बैठकीत सांगितलं. त्या नेटवर्कमधल्याच, आणि त्यांची फी मी क्रेडिटमध्ये दिली. त्या तीन वर्षांतला माझा सर्वांत चांगला खर्च तो.

कारण चांगले खर्चही झालेच, ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. दंतवैद्य होते ना, त्यांच्याकडे माझ्या पाचही माणसांचे दात तपासून घेतले. मशीनवरच्या आमच्या माणसाची दुखरी दाढ वर्षभर तशीच होती, खर्चाच्या भीतीने तो जात नव्हता. दोन रूट कॅनाल आणि एक कॅप, सगळं क्रेडिटमध्ये. रोख द्यावी लागली असती तर मी ते केलं असतं का? अर्धं केलं असतं, खरं सांगते. वेबसाइट झाली, ती अजून चालते. कटिंग मशीनच्या पात्यांना धार लावणारा एक माणूस दुसऱ्या वर्षी सभासद झाला, तेव्हा मला झालेला आनंद दुसऱ्या धंद्यातल्या माणसाला कळणार नाही. ती धार मला दर महिन्याला लागते, रोख द्यावीच लागते. त्या एका सभासदाने माझं गणित पुष्कळ सुधारलं. आणि कामाच्या त्या पहिल्या पावसात आलेल्या गिऱ्हाइकांपैकी तिघं आजही आमच्याकडे छापतात, रोखीने.

जगात ही व्यवस्था जिथे टिकली, तिथे ती कशी टिकली हे मी नंतर बरंच वाचलं. स्वित्झर्लंडमध्ये १९३४ साली, मंदीत, वेर्नर त्सिमरमान आणि पाउल एन्त्स यांनी काही जणांना घेऊन एक मंडळ काढलं. नाव विर्टशाफ्ट्सरिंग, म्हणजे अर्थव्यवहाराचं वर्तुळ, आणि त्याचं लघुरूप 'वीर', ज्याचा जर्मनमध्ये अर्थ 'आपण'. आज ती रीतसर बँक आहे. एके काळी साठ हजारांच्या आसपास लहान-मध्यम व्यवसाय तिचे सभासद होते. तिथे मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. एक, बिलाचा काही भाग त्यांच्या चलनात आणि उरलेला साध्या फ्रँकमध्ये घेता येतो. आणि दुसरी, खात्यात साचलेल्या शिलकीवर व्याज नाही, त्यामुळे ती फिरवत ठेवण्यातच फायदा. २००९ च्या मंदीत सार्डिनिया बेटावर काही मित्रांनी सार्डेक्स नावाचं जाळं उभं केलं, तेही व्याजाशिवायचं, आणि तिथे सभासदांना एकमेकांशी जोडून देणारी माणसं पगारावर असतात. तुमच्याकडे इतके क्रेडिट पडलेत, तुम्हाला काय लागतंय, असं फोन करून विचारणारी माणसं. आमच्या नेटवर्कमध्ये अशी एक मुलगी होती. ती होती तोवर माझी शिल्लक हलत राहिली. तिने नोकरी सोडली त्यानंतर सहा महिने कुणाचा फोन आला नाही. मोबाइलमधलं ॲप होतं, यादी होती, शोधायची सोय होती. पण व्यवहार ती मुलगी घडवत होती.

त्या 'काही भाग रोख' वाल्या स्विस पद्धतीवरूनच मला मार्ग सुचला. मी नेटवर्ककडे अर्ज केला: कागद आणि प्लेटचे पैसे मी रोख घेईन, छपाईची मजुरी क्रेडिटमध्ये. बरीच चर्चा झाली, शेवटी मान्य झालं. काम निम्म्यावर आलं. पण जे आलं ते परवडणारं होतं. ज्यांना फक्त क्रेडिट संपवायचे होते ते गेले, ज्यांना खरंच छपाई हवी होती ते राहिले. ही सूट तुझ्यासारख्या, माल आणि मेहनत दोन्ही विकणाऱ्या माणसासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. आधी माग.

आणि जिथे ही व्यवस्था मोडली तेही बघ. अर्जेंटिनात १९९५ साली ब्युनोस आयरेसजवळच्या बेर्नाल गावात काही शेजाऱ्यांनी एक बार्टर क्लब सुरू केला. पुढे देशभर क्लब झाले, देवघेव 'क्रेडितो' नावाच्या कागदी नोटांत. २००१-०२ मध्ये देशाची अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा लाखो लोक त्यांवर जगत होते. आणि त्याच काळात नोटा बेसुमार छापल्या गेल्या, खोट्या नोटा मिसळल्या, भाव वाढत गेले, विकायला आलेल्या वस्तू कमी पडल्या. बहुतेक क्लब बंद झाले. लोकांच्या हातात नोटांचे गठ्ठे राहिले.

आजच्या नेटवर्कमध्ये नोटा नसतात, पण तोच धोका वहीत असतो. सगळ्या सभासदांच्या जमा आणि वजा खात्यांची बेरीज शून्य यायला हवी. मग नेटवर्क चालवणाऱ्याचं, म्हणजे चालकाचं, स्वतःचं खातं किती वजा आहे? चालक आपल्या कार्यालयाचं फर्निचर, छपाई, जाहिरात, सगळं क्रेडिटमध्ये घेतो आणि त्या बदल्यात सभासदांना काही देत नाही, तर तो नोटाच छापतोय. वजा खातं ठेवून एखादा सभासद धंदा बंद करून गेला, तर ते कुणी भरायचं? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मायकेल लिंटन यांनी १९८३ मध्ये लेट्स नावाची पद्धत सुरू केली, तिच्यात कुणाची शिल्लक किती हे इतर सभासदांना बघता येतं. व्यावसायिक नेटवर्क एवढं दाखवत नाहीत. पण एकूण वजा रक्कम, चालकाचं खातं आणि वजा जाण्याची मर्यादा, हे तीन आकडे तरी लेखी मागायचे. मी मागितले तिसऱ्या वर्षी. उत्तर आलं, ही माहिती अंतर्गत आहे. त्या दिवशी मी ठरवलं की शिल्लक शून्यावर आणायची आणि थांबायचं.

शून्यावर आणायला आठ महिने लागले. नवीन काम घेणं बंद केलं. नेटवर्कच्या भाषेत याला 'स्टँडबाय' म्हणतात, म्हणजे सभासद आहे पण सध्या क्रेडिट घेत नाही. यादीतल्या किती जणांच्या नावापुढे ते लिहिलेलं असतं, हेही बघण्यासारखं आहे. दीड-एक वर्षाची पात्यांची धार आगाऊ लिहून घेतली, हिशेबनीस बाईंची पुढच्या वर्षाची फी दिली, वेबसाइटची देखभाल भरून टाकली. शेवटचे थोडे क्रेडिट भाषाशिक्षिकेला देऊन आमच्या डिझायनर मुलीला तिच्या वर्गात बसवलं. मग राजीनामा दिला. भांडण नाही, कटुता नाही.

आता हिशेबनीस बाईंशी माझं थेट चालतं. त्यांची कागदपत्रं आणि फाइलची कव्हरं मी छापते, त्या माझे हिशेब बघतात. दोघी बिलं करतो, दोघी कर भरतो, वर्षाच्या शेवटी फरक असेल तो चेकने. मध्ये कुणी नाही, शुल्क नाही. पण हे दोघींपुरतंच शक्य आहे, आणि त्या बाई मला भेटल्या नेटवर्कमुळेच, हे विसरून चालणार नाही.

हे सगळं मी मित्राला पाठवलं आणि दोन कामं सांगितली. पहिलं: मागच्या तीन महिन्यांत रोख देऊन जे जे घेतलंस त्याची यादी कर, मोठ्यापासून लहानापर्यंत. मग सभासदांच्या यादीशी जुळवून बघ. दुसरं: जे जुळतील त्यांना आजच फोन कर. सभासद होणार आहे असं सांग आणि विचार की या महिन्यात पूर्ण क्रेडिटमध्ये काम घ्याल का, आणि रोखीचा भाव काय, क्रेडिटचा काय.

काल त्याचा निरोप आला. त्याच्या खर्चाच्या यादीत तेवीस ओळी होत्या. ॲक्रिलिक शीट, एलईडी, पॉवर सप्लाय, व्हिनाइल, पेट्रोल, यातलं सभासदांकडे काहीच नव्हतं. जुळल्या चार. व्हॅनची दुरुस्ती, हिशेबनीस, वेल्डिंग आणि कामावर नेण्याची मोठी शिडी भाड्याने देणारा. हिशेबनीस स्टँडबायवर. शिडीवाल्याने फोन उचलला नाही. व्हॅनवाला म्हणाला, मजुरी क्रेडिटमध्ये, पार्ट रोख. वेल्डिंगवाला मात्र लगेच हो म्हणाला, भाव एकच, आणि उलट त्याने माझ्या मित्रालाच विचारलं, "आमचा बोर्ड कधी करून द्याल?"

त्याने त्या वेल्डरचा नंबर घेऊन ठेवलाय. उद्या त्याच्या शेडवर भेटायला जातोय. फॉर्म अजून कोराच आहे.